हाडाच्या आतला खिळा

आपल्याकडे कुणाचा मोटारसायकलवरून पडून मांडीचा पाय मोडला, की भेटायला आलेल्या प्रत्येकाला घरची माणसं सांगतात, रॉड टाकलाय. एवढं ऐकलं की ऐकणारा निश्चिंत होतो. रॉड टाकला म्हणजे माणूस चालणार, हे आपण गृहीत धरलं आहे. हा रॉड कुठून आला, तो हाडाच्या बाहेर बसतो की आत, आणि पहिल्यांदा हाडात तो घालण्याची हिंमत कुणी केली, असले प्रश्न आपल्याला पडत नाहीत. मलाही ते पडले नव्हते. बँकेतून निवृत्त झाल्यावर कादंबरीतल्या एका पात्राचा पाय मी मोडला आणि त्याच्यावर उपचार कसे करायचे हे शोधू लागलो, तेव्हा एका वयस्कर हाडांच्या डॉक्टरांनी मला के-नेल हा शब्द सांगितला. त्यातला ‘के’ म्हणजे क्युंटशर, गेरहार्ड क्युंटशर. (के-वायर म्हणून एक बारीक तार असते, तिच्यातला ‘के’ वेगळा. तो किर्श्नर यांचा. दोघेही जर्मन, त्यामुळे गोंधळ होतो.) कादंबरी पुढे बाजूला पडली, पण क्युंटशर काही मनातून जाईनात.

क्युंटशर यांचा जन्म 6 डिसेंबर 1900 रोजी जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतातल्या झ्विकाऊ गावचा. संगीतकार शुमान याच गावचा, आणि पुढे मोटारींच्या कारखान्यांमुळेही ते नावारूपाला आलं. संगीत आणि लोखंड या दोहोंपैकी क्युंटशरच्या वाट्याला लोखंड आलं, असं गमतीनं म्हणता येईल. वैद्यकाचं शिक्षण वेगवेगळ्या विद्यापीठांत झालं, येना इथे 1926 मध्ये डॉक्टरेट मिळाली आणि 1930 मध्ये ते कील या बंदराच्या शहरातल्या विद्यापीठाच्या शस्त्रक्रिया विभागात आले. त्यांच्या आयुष्यातलं महत्त्वाचं सगळं इथेच घडायचं होतं.

इतर शल्यविशारद हाडाकडे मोडलेली वस्तू म्हणून पाहत. क्युंटशर त्याच्याकडे एखाद्या पुलाकडे किंवा तुळईकडे पाहावं तसं पाहत. हाडावर भार पडला की तो कुठून कुठे वाहतो, हे त्यांना बघायचं होतं. त्यासाठी त्यांनी हाडाला ठिसूळ लाखेसारखा थर दिला आणि मग हाडावर भार दिला. जिथे ताण जास्त, तिथे त्या थराला बारीक तडे जात. तड्यांच्या त्या रेषा वाचून त्यांनी हाडातल्या शक्तीचा नकाशाच काढला. ही हकिकत वाचताना मला आमच्या वाड्यातला सुतार आठवला. लाकूड हातात घेतल्यावर आधी त्याच्या रेषा बघायचा, मग करवत उचलायचा.

त्या काळी मांडीचं हाड मोडणं ही केवढी आपत्ती होती, हे आज समजावून सांगणं कठीण आहे. पायाला वजन लावून माणसाला आठवडेच्या आठवडे पाठीवर निजवून ठेवत. पायाकडची खाट विटांवर उचललेली, कप्पीवरून दोरी, दोरीला वजन. आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यांतही हे दृश्य अगदी अलीकडेपर्यंत होतं आणि साठीच्या पुढच्या वाचकांनी ते पाहिलेलं असेल. दोन-तीन महिन्यांनी हाड जुळायचं, पण तोवर स्नायू सुकलेले, गुडघा आखडलेला. हाड बरं झालं आणि पाय गेला, अशी गत. कमावता माणूस असेल तर घरही जायचं.

मांडीच्या खुब्याकडचं टोक मोडलं तर त्यात खिळा घालण्याची पद्धत अमेरिकेतल्या स्मिथ-पीटरसन यांनी तोवर रूढ केली होती. क्युंटशरनी पुढचा विचार केला. हाड पोकळ असतं, मग त्या पोकळीतच या टोकापासून त्या टोकापर्यंत लांब खिळा का घालू नये? प्रश्न पोरकट वाटावा इतका साधा, पण त्या काळच्या शल्यविशारदांच्या अंगावर काटा आणणारा. हाडाच्या पोकळीत मज्जा असते, मज्जेत रक्त तयार होतं. तिच्यात लोखंड खुपसायचं म्हणजे हाडाला आतून मारायचं, अशी सर्वांची समजूत होती. क्युंटशरनी प्राण्यांवर प्रयोग केले आणि मज्जा हलवली तरी हाड मरत नाही, उलट भोवती नवं हाड जोमानं धरतं, हे पाहिलं.

दुसरा मुद्दा खिळ्याच्या आकाराचा. गोल, भरीव सळई घातली तर ती एक तर सैल बसणार, नाही तर अडकून हाड फोडणार. क्युंटशरचा खिळा पोकळ होता. त्याचा छेद आधी इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा आणि पुढे तीन पाकळ्यांच्या पानासारखा केला. अरुंद जागेतून जाताना तो किंचित दबतो आणि आत गेल्यावर पुन्हा फुलून हाडाच्या भिंतीला आतून घट्ट धरतो. मांडीच्या हाडाची पोकळी डमरूसारखी असते, मध्ये अरुंद आणि दोन्ही टोकांना रुंद. त्या अरुंद कमरेत खिळा आवळून बसला की झालं. आणखी एक गोष्ट म्हणजे मोडलेली जागा उघडायचीच नाही. खुब्यापाशी लहानसा छेद घेऊन, क्ष-किरणांच्या पडद्यावर बघत, खिळा वरून आत सरकवायचा. पेनिसिलिन जर्मनीत तेव्हा मिळत नव्हतं, त्यामुळे जखम जेवढी लहान तेवढा जीव सुरक्षित.

हे खिळे बनवून देणारा माणूस कीलमधलाच, एर्न्स्ट पोल नावाचा. इतिहासात अशी माणसं नेहमी तळटिपेत जातात. खिळा आत सरकवण्याची आणि नंतर बाहेर ओढून काढण्याची हत्यारं त्यानं घडवली. पोलसारखा कारागीर शेजारी नसता, तर क्युंटशरची कल्पना कागदावरच राहिली असती, असं माझं स्वच्छ मत आहे. खिळ्याच्या टोकाला खाच ठेवलेली असे, आकडा अडकवून तो परत काढता यावा म्हणून. काम झालं की बाहेर यायचं, हे त्या खिळ्यात जन्मापासूनच होतं.

नोव्हेंबर 1939 मध्ये कीलमध्ये पहिल्यांदा माणसाच्या मांडीत हा खिळा घातला गेला. तेव्हा दुसरं महायुद्ध सुरू होऊन दोन महिने झाले होते. पुढच्या मार्चमध्ये बर्लिनला जर्मन शल्यविशारदांच्या अधिवेशनात क्युंटशरनी आपले रुग्ण आणि एक्स-रे मांडले. स्वागत थंड झालं. मोठमोठ्या प्राध्यापकांना हा प्रकार अघोरी वाटला. त्यांचे वरिष्ठ फिशर पाठीशी उभे राहिले म्हणून निभावलं. पण सभेत हार खाल्ली तरी रुग्ण काही दिवसांत खाटेवरून उतरून चालत होते, आणि हा पुरावा कुठल्याही प्राध्यापकाला खोडता येणारा नव्हता.

हे सगळं हिटलरच्या जर्मनीत घडत होतं, हे विसरून क्युंटशरचं चरित्र सांगणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही. मांडी मोडलेला सैनिक तीन महिने झोपून राहण्याऐवजी काही आठवड्यांत उभा राहतो, ही गोष्ट रुग्णाला सुखाची होती, तशीच लष्करालाही सोयीची होती. एकच खिळा वेदना थांबवत होता आणि माणसाला पुन्हा आघाडीवर धाडायच्या लायक करत होता. क्युंटशर स्वतः लष्करी डॉक्टर म्हणून फिनलंडच्या उत्तरेला, लॅपलंडच्या बर्फात गेले. तिथे त्यांनी जखमींवर शस्त्रक्रिया केल्या आणि फिनिश डॉक्टरांना आपली पद्धत शिकवली. फिनलंडमध्ये ती रुजली, टिकली.

दुश्मनांच्या देशात तिचा प्रवेश मोठा नाट्यमय झाला. जर्मनांच्या कैदेतून सुटून आलेल्या सैनिकांच्या मांड्यांचे एक्स-रे दोस्तांच्या डॉक्टरांनी काढले तेव्हा त्यांचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. हाडाच्या आत, टोकापासून टोकापर्यंत धातूची सळई! आणि माणूस मात्र चालतोय. मार्च 1945 मध्ये अमेरिकेतल्या ‘टाइम’ साप्ताहिकानं अशा एका मांडीची बातमी छापली. कुठलं शोधपत्र नाही, कुठली परिषद नाही. सुटलेले कैदी जर्मन शस्त्रक्रियेचा प्रबंध आपल्या मांडीत घालून घरी आले होते.

इथवरची कथा विजयाची झाली. पण मला क्युंटशरच्या आयुष्यात अधिक रस वाटतो तो यानंतरच्या उताराचा. पद्धत गाजली, तशी जो तो खिळे ठोकू लागला. कुणी बारीक खिळा घातला, तो वाकला किंवा तुटला. कुणी जाड घातला, तो अर्ध्यावर अडकला, पुढेही जाईना आणि मागेही येईना. कुणी मोडलेली जागा उघडून घातला आणि आत पू झाला. हाडं जुळवण्याच्या शास्त्रातले त्या काळचे आचार्य म्हणजे व्हिएन्नाचे ल्योरेंझ ब्योलर. त्यांनी आधी या पद्धतीचं मनापासून स्वागत केलं आणि नंतर तिचे धोके पाहून सावधगिरीचा इशारा दिला. खिळा तोच, हाडही तेच, मग निकाल वेगळा का? कारण खिळ्याची निवड करणारा हात वेगळा होता. निरोगी पायाच्या मापावरून लांबी काढायची, पोकळीच्या सर्वांत अरुंद भागावरून जाडी ठरवायची, आणि हाड टोकाजवळ मोडलं असेल तर या खिळ्याच्या वाटेला जायचंच नाही, कारण डमरूच्या रुंद तोंडात तो धरणार कशाला? ही पथ्यं होती, आणि घाईच्या माणसाला ती नकोशी होतात.

बँकेत कर्ज मंजूर करताना आम्ही तारणाची चकाकी बघत नसू, त्या माणसाचा व्यवहार बघत असू. तारण चांगलं आणि माणूस कच्चा, तर कर्ज बुडतंच. खिळ्याचंही मला तसंच दिसलं.

क्युंटशरनी टीकेला उत्तर दिलं ते हत्यारांनी. पोकळी आतून कोरून थोडी रुंद आणि एकसारखी करायची, म्हणजे जाड आणि मजबूत खिळा लांब अंतरापर्यंत हाडाला धरून बसतो. हे कोरणं म्हणजे पुन्हा मज्जेवर घाला, म्हणून पुन्हा आरडाओरडा झाला. पण पुढच्या दशकांनी त्यांचं म्हणणं बहुतेक मान्य केलं. मात्र जोर लावून, बोथट हत्यारानं कोरलं तर घर्षणाच्या उष्णतेनं हाड जळू शकतं, हेही सिद्ध झालं. आपल्याकडे सी-आर्म नावाचं यंत्र, म्हणजे शस्त्रक्रिया चालू असताना पडद्यावर हाड दाखवणारं, सगळीकडे पोचायला फार वर्षं लागली. तोवर बरेच के-नेल मोडलेली जागा उघडूनच घातले जात. न उघडता घालायची मूळ रीत आपल्याकडे उशिरा आली.

युद्धानंतर क्युंटशरनी श्लेस्विग इथल्या रुग्णालयात काम केलं आणि 1957 मध्ये हॅम्बुर्गच्या बंदरावरच्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. गोदीतले मजूर, खलाशी, रात्रीच्या मारामाऱ्यांतले जखमी, असा तिथला रोजचा राबता. जगभरचे डॉक्टर त्यांच्याकडे शिकायला येत, पण विद्यापीठातली पूर्ण प्राध्यापकाची खुर्ची त्यांना कधीच मिळाली नाही. लग्न केलं नाही. सहकाऱ्यांच्या खोड्या काढण्याची हौस मात्र दांडगी. विद्वत्सभेला असा माणूस गैरसोयीचाच वाटणार.

साठच्या दशकात त्यांनी एक विलक्षण हत्यार केलं, हाडाला आतून कापणारी करवत. खुब्यापासून पोकळीत उतरवायची, ठरल्या जागी पातं बाहेर काढायचं आणि फिरवायचं. वरच्या कातडीला मांडीवर कुठे छेद नाही, आणि आत हाड दुभंगलेलं. ज्यांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा लांब आहे त्यांच्या लांब पायाचा तुकडा याच रीतीनं आतून काढून दोन्ही पाय सारखे करता येऊ लागले. पाय आखूड करणं जमलं. लांब करणं ही गोष्ट निराळी.

ही निराळी गोष्ट माझ्या घरापर्यंत आली म्हणून तिच्याबद्दल थोडं लिहितो. माझ्या चुलतबहिणीच्या नातीचा उजवा पाय लहानपणी हाडात पू झाल्यानं चार सेंटिमीटर आखूड राहिला. मुलगी वयात आली, हाडांची वाढ थांबली. तेव्हा डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. एक, बाहेरून कड्या आणि तारांचा सांगाडा. दुसरी, आतून लांबणारा नेल. खर्चात मोठं अंतर, आणि दुसऱ्या वाटेचे आकडे ऐकून घर गप्प झालं. कागद वाचायची सवय असलेला माणूस म्हणून माझ्याकडे फायली आल्या.

पाय लांब करण्याचा प्रयत्न इटलीत बोलोन्याच्या कोदिविल्ला यांनी 1905 मध्येच नोंदवला होता. पण तो प्रकार शास्त्रशुद्ध केला तो सायबेरियातल्या कुर्गान गावच्या इलिझारोव्ह यांनी. हाड हळुवार कापायचं, काही दिवस थांबायचं, मग दिवसाला एक मिलिमीटर, तोही चार हप्त्यांत, असं ताणत न्यायचं. मधल्या फटीत शरीर स्वतःच नवं हाड विणतं. चार सेंटिमीटरला चाळीस दिवस, आणि त्यापुढे ते नवं हाड पक्कं व्हायला कित्येक महिने. इतके दिवस तारा कातडीतून आरपार, त्यांच्या भोकांना वारंवार संसर्ग. म्हणून अनेकांच्या मनात आलं की ताणणारं यंत्रच क्युंटशरच्या जागी, हाडाच्या पोकळीत का बसवू नये? क्रिमियातल्या ब्लिस्कुनोव्ह यांनी 1983 मध्ये ते करून दाखवलं. नंतर फ्रान्समध्ये, जर्मनीत, अमेरिकेत वेगवेगळे नेल निघाले. कुठला पाय ठरावीक तऱ्हेनं फिरवला की लांबणारा, कुठला छोट्या मोटरीवर चालणारा.

इथे विश्वासार्हतेचा प्रश्न अगदी उघडा पडतो. साधा रॉड आत नुसता बसून राहतो. लांबणाऱ्या नेलला रोज अचूक काम करायचं असतं, आणि तेही कुणी बघत नसताना. 2001 पासून वापरात आलेला आयएसकेडी नावाचा नेल पायाच्या हालचालीवर लांबायचा. काही रुग्णांत तो हवा त्याहून वेगानं लांबत गेला. वेग वाढला की फटीत हाड धरत नाही, नसा ताणल्या जातात. उलट वेग मंदावला की हाड वेळेआधीच जुळून बसतं आणि नेल अडतो. हा नेल पुढे बाजारातून गेला. 2011 मध्ये प्रिसाइस नावाचा नेल आला. बाहेरून चुंबकाचं यंत्र मांडीवर धरायचं, आतलं चुंबक फिरतं आणि नेल लांबतो. चुकून जास्त झालं तर उलटाही फिरवता येतो. तो टायटॅनियमचा, त्यामुळे हाड पक्कं होईपर्यंत पूर्ण भार द्यायला मनाई, कुबड्या आल्याच. यावर उपाय म्हणून 2018 मध्ये त्याच घराण्यातला स्ट्राइड नावाचा पोलादी नेल आला, भार देऊन चालता येणारा. सगळे आनंदले. पण तीन वर्षं पुरी होतात न होतात तोच, 2021 मध्ये, त्याच्या सांध्यापाशी गंज आणि भोवतालच्या हाडात बदल दिसल्यानं तो परत मागवावा लागला. अधिक मजबूत म्हणून घेतलेला नेल अधिक विश्वासू निघाला नाही.

फायली वाचून मी बहिणीला प्रश्न लिहून दिले. या नेलला किती वर्षं झाली आणि आधी घातलेले किती नेल विनातक्रार बाहेर निघाले? तो उलटा फिरतो का? आपल्या मुलीच्या हाडाची पोकळी त्याच्या जाडीला पुरेशी आहे का, की नेलसाठी हाड फार कोरावं लागेल? किती भार चालेल? रात्री यंत्र बंद पडलं तर फोन कुणाला करायचा? तो काढायचा केव्हा, आणि काढण्याचा खर्च आताच सांगितलेल्या रकमेत आहे का? शेवटच्या प्रश्नावर डॉक्टर हसले म्हणे, पण उत्तर सगळ्यांची दिलं. लहानपणी पू झालेल्या हाडात पुन्हा संसर्ग जागा होण्याची भीतीही त्यांनी स्वतःहून बोलून दाखवली, आणि आधी त्याच्या तपासण्या करून घेतल्या. त्यामुळेच माझा त्यांच्यावर विश्वास बसला. शेवटी टायटॅनियमचा नेल घातला. मुलगी पाच महिने कुबड्यांवर होती, परीक्षेला कुबड्यांवरच गेली.

चांगले धडधाकट तरुण केवळ दोन इंच उंची वाढावी म्हणून हेच करून घेतात, असंही त्या निमित्तानं कळलं. लग्नाच्या बाजारात उंचीला भाव आहे हे मी जाणतो, तरी सरळ, सारख्या दोन मांड्या मुद्दाम कापून घ्याव्यात हे माझ्या बुद्धीला पटत नाही. पटणारे असतील, त्यांनीही वरचे प्रश्न आधी विचारावेत.

क्युंटशरनी यातलं फारसं पाहिलं नाही. पण आपल्या खिळ्याची दुखरी बाजू ते ओळखून होते. टोकाजवळचं किंवा चुरा झालेलं हाड त्यांचा खिळा धरू शकत नाही, ते आखूड होतं, फिरतं. साठच्या दशकाच्या अखेरीला त्यांनी खिळ्याला आडवं अडकण बसवण्याची योजना मांडली. वर आणि खाली हाडातून आरपार बोल्ट, म्हणजे खिळा जागचा हलायला नको. जर्मनीतल्या क्लेम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती पुढे नेली, नंतर स्ट्रासबुर्गच्या डॉक्टरांनी सुधारली. आज आपल्या गावागावांत जो रॉड टाकतात तो असा बोल्टांनी जखडलेला असतो, आणि मूळचा के-नेल जवळपास दिसेनासा झाला आहे. लांबणारा नेलही दोन्ही टोकांना याच बोल्टांनी हाडात अडकवतात. ते नसते तर तो हाडाला ताणूच शकला नसता.

1965 मध्ये क्युंटशर हॅम्बुर्गहून निवृत्त झाले आणि उत्तरेला, डेन्मार्कच्या सरहद्दीजवळ फ्लेन्सबुर्गला शस्त्रक्रिया करत राहिले. मोडलेल्या जागी नवं हाड मुळात का उगवतं, हा प्राण्यांवरच्या प्रयोगांपासूनचा प्रश्न त्यांनी सोडला नव्हता. त्यावरचं त्यांचं पुस्तक 1970 मध्ये निघालं, आणि त्यानंतरही लेखन चालूच होतं. 17 डिसेंबर 1972 रोजी, बहात्तरावा वाढदिवस होऊन अकरा दिवस झाले असताना, ग्ल्युक्सबुर्ग इथल्या घरी लिहिण्याच्या मेजाशीच त्यांना मृत्यू आला. समोर हस्तलिखित होतं.